एकशे बारा रेघा

मित्रांनो, मला शोधायचं असेल तर आधी खाली वाकून बघा, कारण मी हरवलो की हमखास टेबलाखालीच सापडतो. तुमच्या करंगळीच्या नखाएवढा माझा जीव. मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रात जे सरकवतात, ते. माझ्या पाठीवर बत्तीस हा आकडा छापलेला होता. त्यातला दोन आता पुसट झालाय, त्यामुळे काहींना वाटतं मी तीनचाच. वाटो बापडं. माझ्यात किती मावतं ते मला ठाऊक आहे, आणि मी त्याबाबतीत कधी कुणाशी खोटं बोललेलो नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धुळीला दारातूनच परत पाठवायचे. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, नुसते डोळे दिसायचे, त्यामुळे मला कुणी घडवलं हे काही मला सांगता यायचं नाही. जन्मल्याबरोबर परीक्षा झाली. एक यंत्र आम्हाला भराभरा काहीबाही सांगायचं आणि मग विचारायचं, सांग बघू, काय सांगितलं होतं? ज्यांना सगळं आठवलं ते एका टोपलीत, ज्यांना विसरायला झालं ते दुसऱ्या टोपलीत. मी पहिल्या टोपलीत पडलो. दुसऱ्या टोपलीतल्या भावंडांचं पुढे काय झालं हे तेव्हा मला कळलं नाही.

तिथून खोक्यात, खोक्यातून गाडीत, आणि गाडीतून मी पोचलो काकूंच्या दुकानात. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून काकू दिवसभर स्टुलावर बसूनच असायच्या. एका डोळ्याला भिंग, समोर दिवा, आणि भोवती उघडी पडलेली यंत्रं. काकूंचा एक नेम होता. कोणतंही कार्ड त्या काठोकाठ भरून बघायच्या. भरायचं, पुन्हा सगळं वाचून घ्यायचं, आणि दोन्ही जुळलं तरच ते विकायला ठेवायचं. मोठ्या कार्डाला यात अख्खा दिवस जायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर काकू भिंगातून वर बघायच्या आणि म्हणायच्या, "घाई असेल तर चौकात झगमगीत दुकान आहे. तिथे लगेच मिळेल." पास झालेल्या कार्डाच्या कोपऱ्यावर त्या नखाला लावायच्या लाल रंगाचा बारीक ठिपका द्यायच्या. तो ठिपका माझ्या अंगावर लागला, त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

त्याच आठवड्यात दुकानात एक मुलगी आली. बारा वर्षांची असेल, पण एका जागी म्हणून ठरायची नाही. घरात तिला भिंगरी म्हणायचे आणि ते नाव अगदी शोभायचं. तिच्याबरोबर तिची आत्या होती. आत्या पाट्या रंगवायची. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्यांवरची अक्षरं ती हातानं काढायची. महिन्यापूर्वी एक जुनी पत्र्याची पाटी उतरवताना ती पाटीच तिच्या उजव्या मनगटावर पडली होती. प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि बोटं लाकडासारखी ताठ झाली होती.

भिंगरीनं आपलं यंत्र काऊंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "काकू, सगळ्यात मोठं कार्ड द्या."

"सगळ्यात मोठं कशाला?"

"मोठं ते चांगलं ना."

"तीन गोष्टी सांग, मग कार्ड," काकू म्हणाल्या. "तुझं यंत्र किती मोठं कार्ड ओळखतं? तू खेळ कोणते खेळतेस, मोठे की छोटे? आणि खेळात तू जिथवर पोचलीस त्याची नोंद कुठे राहते, यंत्रात की कार्डात?"

पहिल्या दोन्हींची उत्तरं भिंगरीनं चटकन दिली. तिसऱ्याला तिनं खांदे उडवले. काकूंनी यंत्र चालू करून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या यंत्रात नोंद कार्डात राहते. लक्षात ठेव. खेळ गेला तर पुन्हा आणता येतो, पण नोंद गेली की गेली. हे बत्तीसचं घे. तुझ्या खेळांना याचा वेग पुरतो, आणि मी हे भरून बघितलंय."

असा मी भिंगरीच्या घरी आलो.

सुरुवातीला मी तिचा एकटीचा होतो. उड्या मारायचे खेळ, पळापळीचे खेळ, काय काय तिनं माझ्यात भरलं. पण आत्याच्या हाताला व्यायाम देणाऱ्या बाईंनी एके दिवशी घरी येऊन सांगितलं, की बोटांत बारीक काडी धरून रेघा काढायच्या, रोज पंधरा मिनिटं, शनिवार-रविवार सुट्टी. आत्यानं कागद-पेन्सिल घेतली, दोन रेघा काढल्या आणि कागद चुरगाळून टाकला. जिच्या हातची अक्षरं गावभर लागली होती, तिला आपली ती वेडीवाकडी रेघ बघवेना. तेव्हा भिंगरीनं आपलं यंत्र पुढे केलं.

"यात बघ, होडीचा खेळ आहे. काडीनं पडद्यावर रेघ ओढायची, या काठापासून त्या काठापर्यंत. तू जशी रेघ ओढशील तशी होडी जाते."

"आणि वाकडी गेली तर?"

"तर होडी वाकडी जाते. तुला कोण रागावतंय?"

तो खेळ यंत्राच्या पोटातच होता, पण त्याच्या नोंदी माझ्याकडे यायच्या. दिवसाची शेवटची रेघ, तारखेसकट, जशी काढली तशी. पहिल्या दिवशीची रेघ मला अजून आठवते, म्हणजे आठवायला हवी होती. ती काठापर्यंत पोचलीच नाही. मधेच तीनदा काडी सुटली. तरी दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा बसली, आणि मग रोजच बसायला लागली. सकाळी, शाळेच्या आधी, खिडकीजवळच्या टेबलावर. भिंगरी शेजारी दूध पीत बसायची, आणि घोट घेता घेता तिचं सगळं लक्ष त्या काडीकडे असायचं. जी पोर पाच मिनिटं एका जागी बसायची नाही, ती ती पंधरा मिनिटं हलत नसे. माझं काम एवढंच होतं, की आलेली रेघ जपून ठेवायची. मित्रांनो, मी आयुष्यात राक्षस मारलेल्यांच्या नोंदी ठेवल्या, शर्यती जिंकलेल्यांच्या ठेवल्या, पण या रेघा आल्या की मी जरा सावरून बसायचो.

व्यायामाच्या बाई दर पंधरा दिवसांनी येऊन रेघा बघायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "हे कार्ड नीट सांभाळा बरं. माझ्या वहीत सुद्धा इतकी चांगली नोंद नाही." मी हवेत तरंगलो. माझं कौतुक व्हायची ती पहिली आणि शेवटची वेळ.

कारण हळूहळू मी भरत आलो. भिंगरी नवा खेळ आणायची, आणि पडद्यावर अक्षरं यायची, जागा शिल्लक नाही. ती एक खेळ पुसायची, दुसरा आणायची, पुन्हा तेच. तिच्या मैत्रिणींच्या यंत्रांत माझ्याहून कितीतरी मोठी कार्डं होती आणि त्या भाव खायच्या. मग भिंगरी घरी येऊन माझ्यावर राग काढायची. "काय भिकार कार्ड आहे," असं ती एकदा माझ्या तोंडावर म्हणाली. मला वाईट वाटलं. मी जेवढा होतो तेवढा होतो, त्याला मी तरी काय करणार?

याच सुमारास आत्याकडे एक काम चालून आलं. गावातल्या शाळेच्या फाटकावर नाव रंगवायचं होतं, उंचावर, मोठ्या अक्षरांत. हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. आत्यानं जेवताना घरात सांगितलं, "माझं मलाच कळत नाही हात सुधारलाय की नाही. एखादा दिवस बरा जातो, एखादा दिवस चमचा सुटतो. आता एकशे बारा रेघा झाल्यात. उद्या दुपारी पहिलीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत बघणार. फरक दिसला तर शाळेला हो म्हणेन. नाही दिसला, तर कुंचले देऊन टाकेन आणि हा विषय संपवेन. आशेवर किती दिवस काढायचे?"

ती शुक्रवारची दुपार होती. आणि नेमकी त्याच शुक्रवारी भिंगरी नवं कार्ड आणायला निघाली. आधी ती काकूंकडे गेली. काकूंनी समोरच्या कार्डाकडे बोट दाखवलं. "हे तुला चालेल, पण अजून भरून व्हायचंय. उद्या संध्याकाळी ये." उद्या म्हणजे भिंगरीला एक युग वाटलं. ती चौकातल्या झगमगीत दुकानात गेली आणि पाचशे बारा असा सोनेरी आकडा छापलेलं कार्ड घेऊन आली, तेही काकूंच्या कार्डाच्या निम्म्या किमतीत. एवढं स्वस्त कसं, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

घरी येऊन तिनं आम्हा दोघांना संगणकाला शेजारी शेजारी जोडलं. त्या सोनेरी आकड्याकडे बघून मला आधी न्यूनगंड आला, खोटं कशाला बोलू. मग भिंगरीनं माझ्यातलं सगळं निवडलं. इथे तिच्याकडून पहिली चूक झाली. माझ्यातल्याची नक्कल तिकडे ठेवायची सोडून तिनं माझ्यातलं उचलूनच तिकडे हलवलं. आधी खेळ गेले, सगळ्यात शेवटी रेघा. ते कार्ड हूं हूं करत गिळत होतं. शेजारी असल्यामुळे मला दिसलं. अरे देवा, हे तर त्या दुसऱ्या टोपलीतलं. त्याच्यात जेमतेम आठ मावत होतं. पाठीवर कुणीतरी पाचशे बारा छापून त्याला बाजारात उभं केलं होतं. आठ भरले तोवर त्यानं खरं सांभाळलं, आणि पुढचं सगळं नुसतं घेतल्यासारखं करून टाकून दिलं. नावं तेवढी लिहून ठेवली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी ते मला फार जाणवलं.

मला भिंगरीनं कंपासपेटीत टाकलं, खोडरबराच्या कचऱ्यात.

शनिवारी सकाळी तिनं नवं कार्ड यंत्रात घातलं. दोन खेळ चालले, तिसरा उघडेना, चौथा उघडेना. मग तिनं होडीचा खेळ उघडला. एकशे बारा चौकोन होते, एकशे बारा तारखा होत्या, आणि सगळे चौकोन कोरे. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं यंत्र बंद केलं, चालू केलं, कार्ड काढलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. कंपासपेटीतून मला काढून घातलं, तर मी रिकामा. आत्या बाहेर गेली होती, ती दुपारपर्यंत येणार होती. त्या क्षणी भिंगरी उठून काकूंकडे धावली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कारण मी खरा रिकामा नव्हतो. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून नीट ऐका. आमच्यातून काही हलवलं किंवा पुसलं, की आधी जातं ते वहीचं अनुक्रमणिकेचं पान. आतली पानं तशीच असतात. त्यांच्यावर नवं काही लिहीपर्यंत ती परत मिळू शकतात. माझ्या अंगावर एकशे बाराच्या एकशे बारा रेघा तशाच होत्या.

पण भिंगरी घाबरली होती. तिला वाटलं, आत्याला कळलं तर आत्या कोसळेल. तिनं काय करावं? यंत्राचं घड्याळ मागे फिरवलं, पार पहिल्या तारखेवर नेलं. काडी डाव्या हातात धरली, म्हणजे रेघ थरथरती येईल. आणि आत्याच्या पहिल्या दिवसाची रेघ तिनं स्वतः काढली. मग दुसऱ्या दिवसाची. मग तिसऱ्या. पोर रडत होती आणि काढत होती. तिचा बेत सगळ्या एकशे बारा काढायचा होता. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण तिची प्रत्येक खोटी रेघ माझ्यात येऊन एका खऱ्या रेघेवर बसत होती. एक आली, एक गेली. दुसरी आली, दुसरी गेली. मी मुकाट्यानं घेत राहिलो, कारण दिलेलं लिहून घ्यायचं एवढंच मला येतं.

अकरावी रेघ झाली आणि दारात आत्या उभी.

"दे इकडे," आत्या हसून म्हणाली. "मला काही धीर धरवत नाही. आत्ताच बघते."

भिंगरीनं यंत्र दिलं. दुसरं करणार काय? आत्यानं पहिली रेघ उघडली. यंत्र डोळ्यांजवळ नेऊन ती निरखली. मग दुसरी, मग तिसरी. तिचं हसू मावळलं.

"ही रेघ कुणाची?"

"तुझीच की."

"अगं, वीस वर्षं मी रेघा काढून पोट भरतेय. माझा हात थरथरला तरी खाली उतरताना डावीकडे कलतो. या सगळ्या उजवीकडे कलल्यात. कुणाची आहे ते सांग."

भिंगरीनं सगळं सांगितलं. नवं कार्ड, कोरे चौकोन, घड्याळ, डावा हात. आत्यानं यंत्र बंद करून टेबलावर ठेवलं. शेवटी ती म्हणाली, "रेघा गेल्या याचं मला वाईट वाटतंय. पण तू मला माझ्याच नावानं खोटं दाखवून हो म्हणायला लावणार होतीस, त्याचं जास्त वाटतंय. त्या खोट्या रेघा बघून मी कामाला गेले असते, तर माझा स्वतःवरचा विश्वास कशावर उभा राहिला असता, सांग मला." आत्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून तर भिंगरीला ते जास्त लागलं.

दोघी तडक काकूंकडे गेल्या. काकूंनी मला चिमट्यानं धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यात नंतर काय काय लिहिलंस?"

"अकरा रेघा."

"आणखी काही नाही ना? आठवून सांग."

"नाही काकू. खरंच."

"मग एवढ्यावर थांबलीस हे बरं केलंस." काकूंनी मला आपल्या संगणकाला लावलं. कामाला बराच वेळ लागला. त्या माझं पान न् पान चाळत होत्या आणि एकेक रेघ बाहेर काढून दुसरीकडे ठेवत होत्या. तेवढ्यात त्यांनी ते सोनेरी कार्डही भरून दाखवलं. आठवर येऊन ते जे अडखळलं, ते काही पुढे जाईना. काकू म्हणाल्या, "आकडा छापायला काय लागतं?" आणि त्यांनी त्याचे कात्रीनं दोन तुकडे केले, म्हणजे आणखी कुणी फसायला नको. खोटं का असेना, ते माझ्यासारखंच कारखान्यात जन्मलं होतं. मला त्याची थोडी कीव आली.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "एकशे एक मिळाल्या. अकरा गेल्या त्या गेल्या. सुरुवातीच्याच आहेत."

जिन्याखाली, दिव्याच्या उजेडात, आत्यानं त्या एकशे एक रेघा यंत्रात घालून बघितल्या. बाराव्या दिवसापासून शेवटपर्यंत. बघून झाल्यावर ती म्हणाली, "बाराव्या दिवशी सुद्धा रेघ काठाला पोचलीये. तेव्हा थोडी वाकडी होती, आज थोडी कमी वाकडी आहे. एवढाच काय तो फरक. पाच महिन्यांत एवढाच." तिनं यंत्र खाली ठेवलं. मित्रांनो, ज्या अकरा दिवसांत तिनं सगळ्यात मोठी मजल मारली होती, तेच अकरा दिवस माझ्यातून गेले होते. मला होते तिथेच वितळून जावंसं वाटलं.

तेव्हा भिंगरी हळूच बोलायला लागली.

"आत्या, पहिल्या दिवशी तुझी काडी तीनदा सुटली. तिसऱ्यांदा ती टेबलाखाली गेली आणि तू मला उचलू दिली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुला काडी धरताच येत नव्हती, म्हणून मी तिला रबर गुंडाळलं. चौथ्या दिवशी रेघ अर्ध्यावर गेली आणि तू म्हणालीस, हात माझा आहे की शेजारणीचा. सहाव्या दिवशी काढलीच नव्हती तू, नुसतं टेकवलं आणि उठलीस. मी बघितलं, तू मोरीत जाऊन रडलीस. सातव्या दिवशी दूध उतू गेलं, कारण होडी पहिल्यांदा मधल्या बेटाच्या पुढे गेली आणि आपण दोघी बघत बसलो. अकराव्या दिवशी ती काठाला लागली. आणि मी शाळेला निघताना तू माझी वेणी घातलीस, दोन्ही हातांनी. त्याआधी कितीतरी दिवस माझी मीच घालत होते."

काकूंनी डोळ्यावरचं भिंग काढून पुसलं.

"सहावा दिवस मी विसरले होते," आत्या म्हणाली.

"मी नाही विसरले. पण आज सकाळी मी त्या दिवसाची पण पूर्ण रेघ काढून ठेवली. तुला वाईट वाटू नये म्हणून."

आत्यानं तिला जवळ ओढलं. उजव्या हातानं. आणि भिंगरी इतकी रडली की काकूंना दिवा बाजूला सरकवावा लागला.

सोमवारी आत्यानं शाळेला हो कळवलं. काम सुरू झालं त्या दिवशी मी यंत्रात होतो, आणि यंत्र भिंगरीच्या दप्तरात, त्यामुळे फाटकाजवळ काय बोलणं झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. शिडी उंच होती. भिंगरी म्हणाली, "आत्या, मी काय करू?"

"शिडी धरायची. घट्ट. आणि हलली तर हलली म्हणून सांगायचं."

"आणि तू घाबरलीस तर?"

"घाबरले तर घाबरेन. तरी तू खरं तेच सांगायचं."

अक्षरं झाली. पहिलं थोडं खाली आलंय, तुम्ही नीट बघितलंत तर कळेल. आत्यानं ते तसंच ठेवलं.

आता काकूंनी काठोकाठ भरून बघितलेलं नवं कार्ड भिंगरीच्या यंत्रात आहे, आणि ते सज्जन आहे. माझ्याकडे आता खेळ नसतात. दर शुक्रवारी रेघांची एक नक्कल संगणकात जाते आणि एक माझ्यात येते. आमच्यासारख्यांना वर्षानुवर्षं खणात टाकून दिलं तर आम्हीही हळूहळू विसरतो, म्हणून मला अधूनमधून बाहेर काढतात याचं मला समाधान आहे.

मित्रांनो, कार्ड घ्याल तेव्हा आकड्यावर जाऊ नका. आपल्या यंत्राला काय चालतं ते विचारा, आणि ते भरून बघितलंय का तेही विचारा. आम्ही लिहीत असताना आम्हाला उपटू नका. जे एकदाच घडतं त्याच्या दोन नकला ठेवा. एवढं करूनही कधी काही हरवेल. तेव्हा माझ्यावर दुसरं काही लिहून ते झाकू नका. मला तसंच उचला, आणि ज्याचं हरवलंय त्याच्याकडे आधी जा.